मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या थेट विमानाचे तिकीट हाती पडले, की प्रथमच प्रवास करणाऱ्याचा हमखास गोंधळ उडतो. समजा, तिकिटावर विमान सुटण्याची वेळ पहाटे २ आणि पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी साडेसात अशी आहे. म्हणजे प्रवास अवघा साडेपाच तासांचा? परतीच्या तिकिटावर मात्र दुपारी १२ वाजता न्यूयॉर्कहून निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता मुंबईत उतरणार असते. म्हणजे पंचवीस तास! दोन्ही हिशेब अर्थातच चुकीचे आहेत. या उदाहरणातले विमान जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा तास आकाशात असते. तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ तेथील घड्याळानुसार छापतात, आणि न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात भारतीय प्रमाणवेळेपेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे सरकवली जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतली जातात. या मधल्या काळात दोन शहरांतील फरक साडेनऊ तासांचा राहतो. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्याने मार्च आणि नोव्हेंबरमध्ये मुलाला फोन करण्याची ठरलेली वेळ चुकणाऱ्या आईवडिलांची संख्या मोठी आहे.

घड्याळाचा उलगडा झाला, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच. दोन शहरांतील अंतर जाताना आणि येताना तेच असेल, विमानही तेच असेल, तर दीड तासाचा फरक पडतो कोठून? आणि २०१९, २०२२ किंवा २०२५ मध्ये प्रवास केलेल्यांना याच मार्गावर वेगवेगळ्या वेळा का अनुभवाला आल्या?

आधी अंतराविषयी. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर, म्हणजे साधारण ६,७७० सागरी मैल आहे. शाळेच्या भिंतीवरील नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर अशी जाते. त्या रेघेवरून प्रत्यक्ष प्रवास केल्यास मात्र सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील. सपाट कागदावर सरळ दिसणारी रेघ गोल पृथ्वीवर सरळ नसते. याची खात्री करून घ्यायची असेल, तर घरातील पृथ्वीगोलावर मुंबईला दोऱ्याचे एक टोक धरून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणावे. दोरा पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे चढू लागतो. कच्छच्या रणावरून सिंध, मग बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंडच्या आसपासचा प्रदेश, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, कॅनडातील लॅब्राडोर आणि शेवटी अमेरिकेचे मेन राज्य, असा त्याचा मार्ग आहे. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला जेथे छेदते, त्या वर्तुळाला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग नेहमी या वर्तुळावरच असतो.

यातूनच एक गंमत निघते. मुंबई दिल्लीच्या पश्चिमेला आहे, म्हणून ती अमेरिकेला अधिक जवळ असेल असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात दिल्ली ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ११,७५० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळजवळ आठशे किलोमीटरने कमी आहे. मार्गच उत्तरेकडून जात असल्याने उत्तरेला असलेले शहर जवळचे ठरते.

दुसरी गोष्ट लंडनची. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर. दोहोंची बेरीज १२,७५० किलोमीटरच्या आसपास. थेट मार्गापेक्षा हा वळसा जेमतेम दोनशे किलोमीटरचा, म्हणजे पाव तासाच्या उड्डाणाचा. अनेक दशके लंडन हेच अमेरिकेला जाण्याचे दार का राहिले, याचे उत्तर केवळ साम्राज्याच्या इतिहासात नाही, पृथ्वीच्या गोलाईतही आहे.

त्या इतिहासाकडे वळायचे, तर सुरुवात जहाजापासूनच करावी लागते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वैद्यकीय पदवी घेऊन १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या परत निघाल्या, त्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या बंदराला लागल्या. क्षयाने खंगलेल्या शरीराला तो महिन्याहून अधिक काळाचा समुद्रप्रवास किती जड गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढील काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले.

विमानाने या काळाला कात्री लावली, पण टप्प्याटप्प्याने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि त्याच वर्षी १४ मे रोजी एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत वाढली. १९७१ मध्ये जम्बो जेट आले. आसने वाढली, तिकिटे तुलनेने आवाक्यात आली. पण मध्ये युरोपात उतरणे काही टळले नाही. उतरायचे, इंधन भरायचे, कर्मचारी बदलायचे आणि पुन्हा निघायचे, या क्रमात दोन-तीन तास सहज जात. थेट उड्डाण प्रत्यक्षात यायला २००६-०७ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या डेल्टाने २००६ मध्ये केनेडी विमानतळ ते मुंबई अशी सेवा सुरू केली. एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ पासून बोइंग ७७७-२००एलआर या नव्या विमानाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू केले आणि त्याच वर्षी काँटिनेंटलने मुंबईला न्यूअर्कशी जोडले.

एवढा वेळ का लागला, याचे उत्तर इंधनात आहे. ७७७-२००एलआरच्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरहून अधिक इंधन मावते. टाक्या काठोकाठ भरल्या, तर त्याचे वजन १४५ टनांच्या घरात जाते. विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक भार निव्वळ इंधनाचा. शिवाय हे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. मार्ग जसजसा लांबतो, तसा पहिल्या काही तासांतील खर्चाचा मोठा वाटा पुढल्या तासांचे इंधन उचलण्यातच जातो. म्हणून अतिदीर्घ उड्डाण हे दोन छोट्या उड्डाणांपेक्षा स्वस्त पडेल असे नाही, आणि वजन मर्यादेबाहेर जात असेल तर विमान कंपनीला काही आसने रिकामी ठेवून किंवा माल मागे ठेवून निघावे लागते. दोन इंजिनांच्या विमानांवर आणखी एक बंधन असते. एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्यावर ठरावीक वेळात एखाद्या विमानतळावर पोहोचता आले पाहिजे. ही मर्यादा १९८५ मध्ये १२० मिनिटांपर्यंत आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांपर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा कुठे महासागरांवरचे मार्ग दोन इंजिनांच्या विमानांना खऱ्या अर्थाने खुले झाले. आइसलँडमधील केफ्लाविक, लॅब्राडोरमधील गूझ बे, न्यू फाउंडलंडमधील गँडर ही नावे प्रवाशांना ठाऊक नसतात. वैमानिकांच्या कागदांवर मात्र ती हटकून असतात.

आता जाण्या-येण्यातील दीड तासाचा प्रश्न. यावर अनेकदा ऐकू येणारे स्पष्टीकरण असे, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली न्यूयॉर्क स्वतःच पुढे सरकत येते. तसे असते, तर जातानाचा प्रवास छोटा व्हायला हवा होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडते. खरे कारण वारा आहे. मध्य अक्षांशांवर, जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. पण आपले संशोधन जगाला कळावे या सद्‌हेतूने त्यांनी ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले आणि ते जवळजवळ कोणीच वाचले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानवर झेपावणारी अमेरिकी बॉम्बफेकी विमाने या वाऱ्यात सापडली, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांना उमगले.

याचे गणित सोपे आहे. प्रवासी जेट विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. संपूर्ण मार्गावर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर जमिनीच्या हिशेबात वेग ८५० उरतो आणि १२,५४० किलोमीटरला पावणेपंधरा तास लागतात. तेवढाच वारा पाठीशी असेल, तर वेग ९५० होतो आणि सव्वातेरा तास पुरतात. फरक दीड तासाचा. यात धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, चढण्या-उतरण्याचा वेळ आणि मार्गातील वळसे मिळवले, की वेळापत्रकातील आकडे तयार होतात. कंपन्या वेळापत्रकात जो कालावधी देतात, तो विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचा असतो आणि त्यात थोडी मोकळीकही धरलेली असते. ‘विमान वीस मिनिटे आधी पोहोचले’ या घोषणेचे श्रेय पुष्कळदा वैमानिकापेक्षा वेळापत्रक आखणाऱ्याचे असते.

वाऱ्याचे हे पट्टे रोज जागा बदलतात, म्हणून मार्गही रोज बदलतो. उत्तर अटलांटिकवरील आकाशमार्गांची आखणी दररोज नव्याने होते. पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळी, पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळी. स्कॉटलंडमधील प्रेस्टविक आणि कॅनडातील गँडर येथील नियंत्रण केंद्रे ही वाहतूक सांभाळतात. न्यूयॉर्कला जाणारे विमान समोरचा वारा टाळण्यासाठी उत्तरेकडे सरकते आणि परतणारे विमान वारा पाठीशी घेण्यासाठी वेळप्रसंगी अधिक लांबचा मार्गही पत्करते. लांबचा मार्ग लवकर पोहोचवतो, हे आकाशात नेहमीचेच आहे.

वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. राजकारणाचा बांधता येत नाही. दोरा ताणून मिळालेला तो १२,५४० किलोमीटरचा मार्ग पुन्हा पाहावा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. गेल्या काही वर्षांत यांपैकी प्रत्येक देशाचे आकाश कोणाला ना कोणाला, कधी ना कधी बंद झाले आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. त्यामुळे परकी विमानाला आपल्या डोक्यावरून जाऊ द्यायचे की नाही, आणि जाऊ दिल्यास किती शुल्क घ्यायचे, हे तो देश ठरवतो.

बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलै २०१९ पर्यंत. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचे ड्रोन पाडल्यावर अमेरिकी विमानांना त्या भागातून उडण्यास मनाई झाली आणि युनायटेडने आपली न्यूअर्क-मुंबई सेवा काही काळ स्थगित केली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधील सत्तांतरानंतर अफगाणिस्तानच्या आकाशात नियंत्रण पुरवणारेच कोणी उरले नाही आणि बहुतेक कंपन्यांनी तो प्रदेश टाळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले. पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने त्यांना आपले. मार्च २०२२ मध्ये युनायटेडची न्यूअर्क-मुंबई सेवा पुन्हा थांबली. भारतीय विमानांना मात्र रशियावरून जाण्याची मुभा कायम राहिली, आणि एकाच शहरातून एकाच शहराला जाणाऱ्या दोन देशांच्या विमानांसाठी जगाचे नकाशे वेगळे झाले. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई ते केनेडी विमानतळ ही थेट सेवा नव्याने सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा, या वेळी फक्त भारतीय विमानांना, आकाश बंद केले. भारतानेही ३० एप्रिलला तसेच पाऊल उचलले. सुरुवातीला महिन्याभराची असलेली ही बंदी दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिने वाढवली गेली. २०१९ पेक्षा यात वेगळे असे, की परदेशी कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत होते. वळसा फक्त भारतीय प्रवाशाच्या विमानाला होता. याचा मोठा फटका दिल्लीला बसला. तेथून निघणाऱ्या विमानाला आधी गुजरातकडे, म्हणजे जवळजवळ उलट दिशेला खाली उतरून मग अरबी समुद्रावर यावे लागले. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या शहरात थांबावे लागले. आठशे किलोमीटरने जवळ असण्याचा दिल्लीचा फायदा असा एका आदेशासरशी पुसला गेला. मुंबई तशी समुद्रावरच आहे. मस्कत, इस्तंबूल, लंडन अशी वळणे धरून अंतर मोजले, तर ते सुमारे १३,००० किलोमीटर भरते. म्हणजे थेट मार्गापेक्षा साडेचारशे-पाचशे किलोमीटर, अर्थात अर्ध्या तासाने जास्त. इराण आणि इराकही टाळून कैरोमार्गे जायचे म्हटले, तर सुमारे नऊशे किलोमीटर, म्हणजे एक तास वाढतो. कागदावर हा तास किरकोळ दिसतो. आधीच सोळा तासांसाठी भरलेल्या विमानात तो मावेलच असे नाही.

१३ जून २०२५ च्या पहाटे याचा प्रत्यय आला. इस्रायलने इराणवर हल्ले सुरू करताच इराणचे आणि आसपासचे आकाश बंद झाले. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान परत मुंबईला आणावे लागले, तर न्यूयॉर्कहून मुंबईकडे येणारे जेद्दाहला उतरवण्यात आले. मुंबईत परतलेल्यांचे तास वाया गेले, पण निदान ते आपल्या गावी होते. जेद्दाहला उतरलेल्यांना मुंबई नकाशावर चार तासांवर दिसत होती, आणि पोहोचण्याची वेळ मात्र कोणालाच सांगता येत नव्हती.

तुलनेसाठी सांगायचे, तर जगातील सर्वांत लांब नियमित उड्डाण म्हणून ओळखला जाणारा सिंगापूर-न्यूयॉर्क मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा आहे आणि त्याला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. मुंबईचे उड्डाण त्या पंक्तीत पहिल्या क्रमांकाचे नसले, तरी फार मागेही नाही.

इतका वेळ एका आसनावर बसण्याचे शरीरावर परिणाम होतात. न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे बाळंतपणासाठी निघालेल्या साठी-सत्तरीच्या प्रवाशांसाठी हा विषय गंभीर आहे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दीर्घ प्रवासात वाढतो, म्हणून दीड-दोन तासांनी उठून फेरी मारणे, पावले हलवत राहणे आणि पाणी पिणे आवश्यक ठरते. मधुमेहींनी एक गोष्ट आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी : पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो आणि परतताना तेवढाच आखडतो, तेव्हा इन्शुलिनच्या वेळा कोणत्या घड्याळाने पाळायच्या? औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. विमान परत फिरले किंवा भलत्याच शहरी उतरले, तर खालच्या कप्प्यातील बॅग लवकर हाती येत नाही. त्यामुळे औषधे दोन दिवस पुरतील इतकी अधिक असावीत.

कोणत्या विमानतळावर उतरणार, हेही तिकीट काढताना पाहिलेले बरे. केनेडी विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या आग्नेयेस क्वीन्समध्ये आहे, तर न्यूअर्क हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतच. एडिसन किंवा जर्सी सिटीकडे जाणाऱ्यांना केनेडीवर उतरल्यास सगळे महानगर ओलांडून जावे लागते, आणि सकाळच्या गर्दीत त्याला दोन तासही लागतात. घ्यायला येणाऱ्यांनी मात्र छापील वेळेवर विसंबून पहाटेच घराबाहेर पडू नये. विमान कोठवर आले आहे, हे इंटरनेटवर पाहता येते, आणि उतरल्यानंतरही पारपत्र तपासणीची रांग व सामानाचा पट्टा यांत एक-दीड तास जातो. विमान जमिनीला टेकल्याचे कळल्यावर एडिसनहून गाडी काढली, तरी बहुधा वेळेवर पोहोचता येते.